पॉल-एमिल लकॉक द ब्वाबोद्राँ

पॉल-एमिल लकॉक द ब्वाबोद्राँ (जन्म : कोन्याक, फ्रान्स, १८ एप्रिल १८३८, मृत्यू : पॅरिस, २८ मे १९१२) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि वर्णपटशास्त्राचे अभ्यासक होते. गॅलियम (१८७५), समेरियम (१८७९) आणि डिस्प्रोसियम (१८८६) या तीन मूलद्रव्यांचा शोध त्यांच्या नावावर आहे. यांपैकी गॅलियम हा तळहातावर वितळणारा धातू. गेमिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये प्रक्रियकाची (प्रोसेसरची) उष्णता वाहून नेण्यासाठी जो ‘द्रव धातू’ लावतात, त्याचा मुख्य घटक हाच आहे. शालेय पुस्तकांत गॅलियमची ओळख बहुधा मेंडेलीव्ह यांच्या खऱ्या ठरलेल्या भाकिताचे उदाहरण म्हणून होते. ज्यांनी तो धातू प्रत्यक्ष खनिजातून वेगळा काढला, त्यांचे नाव मात्र त्या मानाने मागे राहिले आहे.

घराणे आणि शिक्षण

कोन्याक हे नैर्ऋत्य फ्रान्समधील शारांत नदीकाठचे गाव द्राक्षांपासून ऊर्ध्वपातनाने तयार होणाऱ्या ब्रँडीसाठी प्रसिद्ध आहे. ब्वाबोद्राँ यांचे घराणे तेथील जुन्या प्रोटेस्टंट सरदार घराण्यांपैकी एक होते. प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा जाहीरनामा १६८५ मध्ये रद्द झाल्यावर या घराण्याची संपत्ती ओसरली. पुढच्या पिढ्यांनी मद्याचा व्यापार करून घर पुन्हा उभे केले. पॉल-एमिल यांनाही तोच व्यवसाय करावा लागला.

त्यांची आई सुशिक्षित होती. इतिहास आणि परकीय भाषांचे पहिले पाठ त्यांना तिच्याकडूनच मिळाले. पुढे पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निक या विख्यात संस्थेचा अभ्यासक्रम त्यांनी मिळवला आणि त्यातील नेमलेली पुस्तके घरीच वाचून काढली. त्या संस्थेत विद्यार्थी म्हणून त्यांनी पाऊल ठेवले नाही. दिवसा व्यापार आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र असा त्यांचा क्रम होता. कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या मदतीने त्यांनी राहत्या घरातच लहानशी प्रयोगशाळा उभारली. पुढील बहुतेक महत्त्वाचे काम त्यांनी येथेच केले. कोणत्याही विद्यापीठातील अध्यासन त्यांच्याकडे नव्हते.

सुरुवातीचे संशोधन

त्यांचे आरंभीचे संशोधन अतिसंपृक्त द्रावणांवर होते. गरम पाण्यात भरपूर क्षार विरघळवून ते द्रावण न हलवता थंड केले, तर स्फटिक पडायला हवेत तरीही कित्येकदा ते पडत नाहीत. त्याच क्षाराचा, किंवा तशाच घडणीच्या दुसऱ्या क्षाराचा, एक कण आत पडला की क्षणात सारे द्रावण स्फटिकमय होते. ब्वाबोद्राँ यांनी हे अनेक क्षारांच्या बाबतीत तपासले. हा विषय वरवर किरकोळ वाटला, तरी दहा वर्षांनी गॅलियम हाती आल्यावर त्यांना त्याचाच उपयोग झाला.

दरम्यान जर्मनीत रॉबर्ट बन्सेन आणि गुस्टाव्ह किरखॉफ यांनी वर्णपटाच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत रूढ केली होती. प्रत्येक मूलद्रव्य तापवले असता ठरावीक रंगांच्या रेषा देते. एका मूलद्रव्याच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. या पद्धतीने १८६० मध्ये सीझियम, १८६१ मध्ये रुबिडियम आणि थॅलियम, तर १८६३ मध्ये इंडियम सापडले. इंडियमचा शोध फर्डिनांड राइश आणि थिओडोर रिख्टर यांनी जस्ताच्या खनिजात लावला.

ब्वाबोद्राँ यांनी ज्योतीऐवजी विजेची ठिणगी द्रावणाच्या पृष्ठभागावर पाडून वर्णपट मिळवण्याचे तंत्र बारकाईने विकसित केले. ३५ मूलद्रव्यांच्या वर्णपटांचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रकाशित झाला. एकाच कुळातील मूलद्रव्यांच्या रेषांची मांडणी सारखी असते आणि अणुभार वाढत जातो तशा त्या रेषा क्रमाने सरकतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. या हिशेबाने ॲल्युमिनियम आणि इंडियम यांच्या मध्ये एक जागा रिकामी राहत होती.

गॅलियमचा शोध

फेब्रुवारी १८७४ मध्ये त्यांनी पिरेनीज पर्वतातील पिएरफित येथील खाणीचे ५२ किलो झिंक ब्लेंड, म्हणजे जस्ताचे सल्फाइडयुक्त खनिज, तपासायला घेतले. खनिज आम्लात विरघळवायचे, त्यात जस्ताचे तुकडे टाकायचे, त्यांवर जमलेला साका पुन्हा विरघळवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर ठिणगीचा वर्णपट पाहायचा, असे ते काम होते. शुक्रवार, २७ ऑगस्ट १८७५ रोजी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान त्यांना जांभळ्या भागात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी रेषा दिसली. तिची तरंगलांबी सुमारे ४१७ नॅनोमीटर होती. ४०३ नॅनोमीटरजवळ आणखी एक क्षीण रेषा होती. त्या वेळी हाती असलेला पदार्थ इतका थोडा होता की तो डोळ्यांनी वेगळा ओळखणेही कठीण होते.

सप्टेंबरमध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर हा शोध मांडण्यात आला. त्यानंतर पॅरिस येथे आदोल्फ व्युर्त्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपले प्रयोग पुन्हा करून दाखवले. त्याच वर्षाअखेर त्यांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील द्रावणाचे विद्युत अपघटन करून शुद्ध धातू मिळवला. एक ग्रॅमहून थोडा अधिक गॅलियम मिळवण्यासाठी त्यांना शेकडो किलो खनिज खर्ची घालावे लागले. पुढे एमिल युंगफ्लाइश यांच्या सहकार्याने अधिक मोठ्या प्रमाणावर काम झाले, तेव्हाही खनिज टनांत आणि धातू ग्रॅममध्ये, हे प्रमाण बदलले नाही.

नव्या धातूचे नाव त्यांनी फ्रान्सच्या ‘गॅलिया’ या लॅटिन नावावरून ठेवले. लॅटिनमध्ये ‘गॅलस’ म्हणजे कोंबडा, आणि फ्रेंचमध्ये ‘ल कॉक’ म्हणजेही कोंबडा. त्यामुळे शोधकाने स्वतःचेच नाव देशाच्या आडून धातूला दिले, अशी कुजबुज सुरू झाली. ब्वाबोद्राँ यांनी १८७७ मध्ये तिचा स्पष्ट इन्कार केला.

मेंडेलीव्ह यांच्याशी मतभेद

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आपल्या आवर्त सारणीतील रिकाम्या जागेवरून ‘एका-ॲल्युमिनियम’ या अज्ञात मूलद्रव्याचे वर्णन १८७१ मध्येच केले होते. त्यात अणुभार सुमारे ६८, घनता सुमारे ५.९ आणि विलयबिंदू कमी असेल असे म्हटले होते. शिवाय त्याचा शोध वर्णपटाने लागण्याची शक्यताही नोंदवली होती. पॅरिसहून आलेले वृत्त वाचताच त्यांनी गॅलियम हेच आपले एका-ॲल्युमिनियम असल्याचे जाहीर केले.

ब्वाबोद्राँ यांना हे रुचले नाही. आपल्याला त्या भाकिताची माहिती नव्हती आणि आपण स्वतःच्या वर्णपटविषयक नियमांवरून चाललो होतो, अशी त्यांची भूमिका होती. त्यातच घनतेचा प्रश्न उपस्थित झाला. ब्वाबोद्राँ यांनी प्रत्यक्ष मोजलेली घनता ४.७ होती. ज्यांनी धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता ते मेंडेलीव्ह मात्र नमुना अशुद्ध असावा असे कळवत होते. ब्वाबोद्राँ यांनी अधिक धातू शुद्ध करून मोजमाप पुन्हा केले. उत्तर ५.९ आले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले. आज मान्य असलेला आकडा ५.९१ आहे.

ही हकीकत सांगताना सारा विजय सिद्धान्ताच्या पदरात टाकण्याची प्रथा पडली आहे. ती एकांगी आहे. स्वतःच्या छापील आकड्याविरुद्ध जाणारे मोजमाप त्याच हातांनी पुन्हा केले गेले नसते, तर मेंडेलीव्ह यांचे भाकीत काही काळ तरी तसेच लोंबकळत राहिले असते.

गॅलियमचे गुणधर्म

गॅलियम २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो आणि सुमारे २,२०० अंशांच्या पुढे उकळतो. इतक्या मोठ्या तापमान-पल्ल्यात द्रव राहणारे धातू फार थोडे. कोन्याकच्या हवेत तो बहुतेक काळ घनच असणार. मराठवाड्यात अहमदपूर, लातूर, नांदेड या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेथे फडताळातील बाटलीतला गॅलियम हात न लावताही वितळलेला राहील.

एकदा वितळला की विलयबिंदूच्या खाली थंड केल्यावरही तो पुष्कळ काळ द्रव राहू शकतो. हे ब्वाबोद्राँ यांनी १८७६ मध्येच नोंदवले होते. घन गॅलियमचा कण टेकवला की तो गोठतो हेही त्यांनी पाहिले. अतिसंपृक्त द्रावणांवर काम केलेल्या माणसाला हे वर्तन ओळखीचे होते. गोठताना गॅलियम पाण्याप्रमाणे प्रसरण पावतो. हे प्रसरण सुमारे ३ टक्के असते.

संगणक थंड ठेवण्यासाठी उपयोग

लॅपटॉपमधील प्रक्रियकाची चकती नखाएवढी असते आणि तिच्यावर तांब्याचा उष्णताशोषक दाबून बसवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत हवा साचते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर-केल्विन, तर स्थिर हवेची अवघी ०.०२६ आहे. ही हवा बाहेर काढण्यासाठी मध्ये थर्मल पेस्ट लावतात. सामान्य पेस्टमध्ये सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळलेली असते. तिची वाहकता साधारणतः एक आकडी किंवा दहाच्या थोडी पुढे असते. गॅलियम, इंडियम आणि कथील यांच्या द्रव मिश्रधातूची वाहकता १५ ते ३० च्या दरम्यान मोजली गेली आहे. वेष्टनांवर याहून बरेच मोठे आकडे छापलेले आढळतात. ते जाहिरातीचे आकडे समजून वाचावेत.

निव्वळ गॅलियम वापरला तर थंडीत बंद ठेवलेल्या यंत्रात तो गोठून फुगेल. म्हणून त्यात इंडियम आणि कथील मिसळतात. या तिघांचे योग्य प्रमाणातील मिश्रण सुमारे ११ अंशांपर्यंत द्रव राहते. जस्ताच्या खनिजात बारा वर्षांच्या अंतराने सापडलेली दोन मूलद्रव्ये अशा रीतीने एका थेंबात एकत्र आली आहेत.

या मिश्रधातूचा फायदा मुख्यतः गेमिंग लॅपटॉपसारख्या यंत्रांत दिसतो, कारण तेथे लहान जागेतून खूप उष्णता बाहेर पडते. तापमान १०० अंशांच्या जवळ गेले की प्रक्रियक स्वतःचा वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. मधल्या थरातील अडथळा घटला, तर ही वेळ लांबते. काही लॅपटॉप-उत्पादक आता कारखान्यातच द्रव धातू भरतात. सोनीच्या २०२० मधील प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रातही तो आहे. तथापि पंखा आणि जाळी धुळीने बंद असतील, तर कोणताही थर उपयोगी पडत नाही. खोलीतील हवाच ४० अंशांची असेल, तर यंत्राचे तापमानही साधारण त्याच फरकाने वर सरकते.

धोके मोठे आहेत. हा धातू विजेचा वाहक असल्यामुळे एखादा थेंब शेजारच्या घटकांवर ओघळला, तर शॉर्टसर्किट होऊन संपूर्ण बोर्ड जळू शकतो. म्हणून भोवतीच्या घटकांवर विद्युतरोधक लेप देतात आणि थराला स्पंजाचा बांध घालतात. थरही कापसाच्या बोळ्याने अगदी पातळ पसरतात. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांमधील सीमांत शिरून त्याला ठिसूळ करतो. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषकावर तो लावणे सर्वथा वर्ज्य आहे. याच कारणाने विमानातून त्याची वाहतूक कडक नियमांखाली होते. तांब्यातही तो हळूहळू मुरतो, डाग पडतात आणि थर पुन्हा द्यावा लागतो. निकेलचा मुलामा असल्यास हे बरेच टळते. घरगुती अनुभव नसलेल्याने चांगली पेस्ट लावून थांबावे, हेच सोयीचे.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये

गॅलियमनंतर ब्वाबोद्राँ दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांकडे वळले. ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखी असल्याने त्यांना वेगळे करणे अत्यंत कष्टाचे होते. १८७९ मध्ये समर्स्काइट या खनिजातून त्यांना समेरियम मिळाले. त्या खनिजाचे नाव समर्स्की-बिखोवेट्स या रशियन खाण-अधिकाऱ्यावरून पडले होते. अशा आडमार्गाने का होईना, व्यक्तीचे नाव लाभलेले हे पहिले मूलद्रव्य ठरले. १८८६ मध्ये तिसाहून अधिक प्रयत्नांनंतर वेगळे झालेल्या मूलद्रव्याला त्यांनी ‘दुष्प्राप्य’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डिस्प्रोसियम हे नाव दिले. हे काम बरेचसे घरातील शेकोटीच्या संगमरवरी फरशीवर झाले, असे सांगितले जाते. गॅडोलिनियम त्यांनी त्याच वर्षी वेगळे केले, परंतु ते प्रथम पाहणारे जाँ मारिन्याक यांच्या संमतीनेच त्याचे नाव निश्चित केले. मेंडेलीव्ह यांच्याशी श्रेयावरून वाद घालणाऱ्या माणसाची ही बाजूही ध्यानात घ्यावी.

सन्मान आणि अखेरची वर्षे

त्यांना १८७६ मध्ये फ्रान्सचा लेजन ऑफ ऑनर हा सन्मान आणि १८७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक मिळाले. १८७८ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे संवादी सदस्य झाले. १८९५ पासून सांधे आखडण्याच्या विकाराने त्यांचे प्रयोगाचे काम मंदावले. १८९७ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गॅलियमचा उद्योगात जवळपास काहीच उपयोग नव्हता. गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकांचे युग सुरू होण्यास आणखी काही दशके होती. आज हा धातू मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम तयार करताना उपउत्पादन म्हणून मिळतो. त्याचे बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्या देशाने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले.