नाकारलं त्याच कॉलेजला त्याचं नाव!

लिस्टमध्ये आपलं नाव नाही हे कळल्यावर पोटात कसा खड्डा पडतो, माहितीये ना? मग १८३२ सालच्या मिलानला चला. अठरा वर्षांचा एक पोरगा तिथल्या संगीत कॉन्झर्वेटरीत अॅडमिशन मागायला आलाय. वडील गावात खानावळ चालवतात. वय नियमापेक्षा जास्त, पियानोवर हात नीट बसलेला नाही, अशी कारणं देऊन त्याला परत पाठवलं जातं.

तो ज्युसेप्पे व्हर्दी. बुसेतो गावातल्या बारेत्सी या व्यापाऱ्यानं पैसा पुरवला, म्हणून त्याला मिलानमध्येच खासगी शिकवणी लावता आली. पुढे बारेत्सींच्याच मुलीशी, मार्गेरिताशी त्यानं लग्न केलं.

खरा मार पुढेच होता. १८३८ ते १८४० या काळात मुलगी गेली, मुलगा गेला, शेवटी मार्गेरिताही. आणि याच दिवसांत त्याला लिहायचा होता विनोदी ऑपेरा! ला स्काला थिएटरमध्ये तो एकाच प्रयोगात आपटला. व्हर्दीनं संगीत सोडायचं ठरवलं. पण थिएटरच्या मॅनेजरनं त्याच्या हातात नवी संहिता ठेवली आणि १८४२ मध्ये ‘नाबुको’नं मिलान जिंकलं.

आता तुम्ही म्हणाल, ऑपेराशी आपला काय संबंध? ‘प्रीटी वुमन’ पाहिलाय? ज्युलिया रॉबर्ट्स ज्या ऑपेराला रडते, तो व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’. १८५३ मध्ये व्हेनिसला त्याचा पहिला प्रयोग पडला होता, बरं का! आज तो जगभर होतो. व्हर्दीच्या गोष्टीत राजवाड्यातला कुबडा विदूषक बाप म्हणून तुटतो, समाजानं बोट दाखवलेली बाई सगळ्यांपेक्षा मोठ्या मनाची निघते. शब्द कळले नाहीत तरी आवाजातलं दुखणं कळतं. म्हणूनच तो जुना होत नाही.

विनोदाची हुकलेली बाजी त्यानं परत खेळली, थेट ७९व्या वर्षी! १८९३ चा ‘फाल्स्टाफ’ त्याच ला स्कालात गाजला.

पैसा आला, तेव्हा त्यानं मिलानमध्ये म्हाताऱ्या, गरीब कलाकारांसाठी घर बांधलं. आपण गेल्यावरच ते उघडायचं, अशी त्याची अट होती. कुणी आभार मानायला यायला नको! १९०१ मध्ये तो गेला. त्या घरात आजही वृद्ध कलावंत राहतात.

आणि ती कॉन्झर्वेटरी? तिला आज व्हर्दीचंच नाव आहे. लिस्ट लावणाऱ्यांना पुढचं थोडंच दिसत असतं!