अंगणातील शाळा : ताराबाई मोडक

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. १९४५ साली मुंबईतील आपले स्थिरावलेले काम मागे ठेवून एक विदुषी या गावी राहावयास आल्या. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. या वयात पुष्कळ माणसे विसाव्याचा विचार करू लागतात. ताराबाई मोडकांनी मात्र आपले सर्वांत अवघड काम याच वयात आरंभिले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकणे हेच जेथे नवल होते, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. मानाची व सुखाची ती नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. मोठ्या मुलांना सोडून चिमुकल्यांच्या मागे लागलेल्या या बाईंचे पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल.

त्या काळच्या शाळेत एकच धडा, एकच वेळ आणि साऱ्यांना एकच छडी असे. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धती याहून अगदी निराळी होती. लहानमोठ्या भोकांत नेमके बसणारे लाकडी दट्टे मुलाच्या पुढे ठेवले जात. दट्टा चुकीच्या भोकात घातला, तर शेवटी एखादा दट्टा उरे किंवा बसेनासा होई. आपली चूक मुलालाच दिसे आणि मूलच ती सुधारी. शेजारच्या मुलाला त्याच कामास दुप्पट वेळ लागला, तरी त्याला कोणी मंद म्हणत नसे. ही पद्धती देशात रुजावी म्हणून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले.

परंतु माँटेसरीची साधने महाग होती. ती घेणे शहरातील सुखवस्तू पालकांनाच परवडे. खेड्यातील मुलाने काय करावे, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच त्या बोर्डीस आल्या. तेथील किनाऱ्यावर शंखशिंपले विपुल होते, रानात बिया होत्या, खडे, काड्या आणि पाने तर कोठेही मिळत. मोजावयाला, लहानमोठे ओळखावयाला आणि रंग निवडावयाला याहून अधिक काय हवे? दमडीही खर्च न करता शाळेचे अर्धे साहित्य गोळा झाले.

तरीही बालवाडीतील काही जागा रिकाम्याच राहत. गावातील दलित वस्तीची मुले तेथे येईनात. बोलावून मुले येत नाहीत, तेव्हा आईबापांना बोल लावून स्वस्थ बसणे सोपे असते. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. घरासमोरच्या अंगणात मुलांची स्वच्छता, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. अंगणात भरणाऱ्या या बालवाडीस अंगणवाडी हे नाव मिळाले.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे वस्ती वारली लोकांची. घरे पाड्यापाड्यांवर विखुरलेली. मुलांच्या तोंडी वारली बोली. पुस्तकातील मराठी त्यांना परकी. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर वावरे, आणि मुलगा गुरांमागे जाई. शाळेच्या हजेरीपत्रकात ही मुले गैरहजर ठरत. ती घरात किती मोठा भार उचलीत होती, याची नोंद हजेरीपत्रकात कोठून असणार?

ताराबाईंनी त्या मुलीला भावंडासह येऊ दिले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणल्या व तिला विकासवाडी म्हटले. बाळ पाळण्यात निजले की ताई शेजारच्या वर्गात पाटी घेऊन बसू शके. उरला प्रश्न गुराख्यांचा. गुरे सोडून त्यांना येता येत नव्हते. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि झाडाखाली कुरणशाळा भरू लागली. एखादे जनावर भरकटले, तर धडा टाकून धावावेच लागणार. तेव्हा घंटेच्या तालावर चालणारा एकच धडा येथे उपयोगाचा नव्हता. ज्याने जेथे सोडले, त्याने तेथूनच पुढे जावयाचे. बाराखडी न येणाऱ्या या मुलांना रानातील झाडे, पाखरे आणि ऋतूंच्या खुणा मात्र उत्तम ठाऊक असत. या ज्ञानाला अडाणीपण म्हणणाऱ्यांचीच खरे तर कीव करावी.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. १९९२ साली त्याही गेल्या. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, बालकांच्या आहार, आरोग्य व शिक्षणासाठी देशव्यापी सरकारी योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यात, गोंड आणि माडिया मुलांची घरची भाषा आजही मराठीहून वेगळी आहे. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत तेथील पुष्कळ मुले आईबापांबरोबर रानात जातात. त्यांच्या गावांतूनही आज अंगणवाडी भरते.