उडते फादर पॉल शुल्टे



सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यात पावसाने जे केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सिंदफणेचे पाणी शेतात शिरले, आणि आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. त्या दिवसांत आपल्या मुलांनी आकाशाकडे बोट दाखवून मला बरेच प्रश्न विचारले. त्यातला एक प्रश्न असा होता की, फादर लोकांना विमान चालवता येते का? मी हसून हो म्हणालो आणि एका फादरांची गोष्ट सांगायचे कबूल केले. ती आज सांगतो.

फादर पॉल शुल्टे यांचा जन्म 1895 साली जर्मनीतील माग्डेबुर्ग शहरात झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि तेथेच विमान चालवायला शिकले. त्या काळी विमान नुकतेच जन्माला आले होते. लाकूड, कापड आणि तारा यांचे ते यंत्र माणसाने शिकून घेतले न घेतले तोच त्यातून माणसे मारायला सुरुवात केली होती. युद्ध संपल्यावर शुल्टे याजक झाले. निष्कलंक मरियेचे ऑब्लेट्स या मिशनरी संघाचे ते सभासद होते. इतके सांगून थांबलो असतो तर ही गोष्ट इतर अनेक मिशनऱ्यांसारखीच झाली असती. तिला वळण लागले ते एका मृत्यूमुळे.

शुल्टे यांचे एक जिवलग मित्र होते, फादर ओटो फुर्मान. तेही ऑब्लेट होते, आणि त्यांना नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबिया देशात, पाठवण्यात आले होते. ते ओवांबोलँड या अगदी उत्तरेकडच्या भागात काम करत. राजधानी विंडहुक तेथून सातशे किलोमीटरच्या आसपास. मधे वाळू, काटेरी झुडपे आणि पावसाळ्यात चिखल. 1925 साली फादर फुर्मान हिवतापाने आजारी पडले, त्यात न्यूमोनिया झाला. डॉक्टर होते, पण कित्येक दिवसांच्या वाटेवर. लवकर नेईल असे वाहन नव्हते. आजार बरा होण्यासारखा असूनही ते गेले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी बाजेवर टाकून माणूस दवाखान्यात नेलेला आहे. चौघांनी चार खुरा धरायच्या, पाचव्याने कंदील घेऊन पुढे चालायचे, आणि नदीला पाणी असले की काठावर बसून ते उतरायची वाट पाहायची. बैलगाडीत बाळंत झालेल्या बायका आपल्या गावोगावी आहेत. मी नवीन याजक असताना एका वस्तीवरून रात्री निरोप आला की म्हातारे बाबा अत्यवस्थ आहेत, रुग्णाभ्यंग द्यायला या. मोटारसायकल काढली आणि अर्ध्या वाटेत पेट्रोल संपले. टाकी पाहिली नव्हती, चूक माझीच. मी पायी पोचलो तेव्हा घरात रडणे सुरू झाले होते. त्या घरच्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र अजूनही निघताना टाकीचे झाकण उघडून पाहतो. त्यामुळे शुल्टे यांना मित्राच्या मरणाची बातमी कळली तेव्हा काय वाटले असेल याची थोडीशी कल्पना मला आहे.

दोन वर्षांनी, 1927 साली, त्यांनी कोलोन शहरात एक संस्था काढली. तिच्या लांबलचक लॅटिन नावाची अक्षरे जुळवून तिला मिवा म्हणतात. काम एकच, मिशनऱ्यांना वाहने पुरवायची. मोटार, मोटारबोट, विमान, जेथे जे चालेल ते. जर्मनीतल्या साध्या कॅथलिक कुटुंबांकडून थोडे थोडे पैसे जमवून हे सुरू झाले. मिशनरी म्हटला की तो पायी चालला पाहिजे, त्यातच त्याचे पुण्य, असे मानणारे लोक सगळीकडे असतात. शुल्टे यांना पायी चालण्याबद्दल आदर होता, पण फुर्मान यांच्या अंथरुणापाशी त्या पुण्याचा काही उपयोग झाला नव्हता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला विवेक या सद्गुणावर पुष्कळ वाचावे लागे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. तेव्हा मला ते नुसते अलंकारिक वाटत असे. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनाचा साधा अर्थ असा की चांगले साध्य मनात असणे पुरेसे नाही, त्याकडे नेणारे योग्य साधन निवडणे हेही नैतिक काम आहे. शेजाऱ्यावर प्रीती आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायचे कसे याचा विचारच केला नाही, तर त्या प्रीतीत काहीतरी उणे आहे. फादर शुल्टे यांच्या बाबतीत तो सारथी खरोखरच चाकावर बसला.

त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र एका वेगळ्याच प्रसंगाने. मे 1936 मध्ये हिंडेनबुर्ग हे प्रचंड हवाई जहाज जर्मनीहून अमेरिकेला पहिल्यांदा निघाले. फादर शुल्टे त्यावर होते. पोप अकरावे पायस यांची परवानगी घेऊन त्यांनी समुद्रावर उडत असतानाच मिस्सा अर्पण केली. आकाशातील ती पहिली मिस्सा समजली जाते. पोप महोदयांना नव्या यंत्रांचे वावडे नव्हते. 1931 साली व्हॅटिकन रेडिओ त्यांनीच सुरू केला होता. जहाजाच्या पोटात हायड्रोजन वायू भरलेला असल्याने वेदीवरील मेणबत्त्या मात्र पेटवल्या नाहीत. ती काळजी वायफळ नव्हती. बरोबर वर्षाने, 6 मे 1937 रोजी, तेच जहाज अमेरिकेत उतरताना पेटले आणि 36 माणसे मरण पावली.

मला स्वतःला त्या मिस्सेपेक्षा 1938 सालची गोष्ट मोठी वाटते. तेव्हा फादर शुल्टे कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात इनुइट लोकांमधील मिशनांसाठी विमान चालवत होते. बॅफिन बेटावर आर्क्टिक बे नावाचे ठाणे आहे, उत्तर अक्षांश 73 वर. तेथील फादर जुलियन कोशार गंभीर आजारी असल्याची खबर आली. ऑगस्ट महिना होता. धावपट्टी नाही, वाटेत पेट्रोल मिळण्याची ठिकाणे मोजकी, हवामान केव्हा फिरेल याचा भरवसा नाही. त्यातून पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव त्या भागाच्या जवळ असल्याने होकायंत्राची सुई तेव्हा तेथे भलतीकडेच फिरत असे. खाली पाहावे तर पाणी आणि बर्फ, वर पाहावे तर ढग. शुल्टे यांनी विमान नेले, कोशार यांना उचलले आणि चेस्टरफील्ड इनलेट येथील मिशनच्या रुग्णालयात आणले. त्या रुग्णालयात ग्रे नन्स संघाच्या भगिनी सेवा करत. सगळा प्रवास सुमारे 2,200 मैलांचा झाला, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. आपण येथून कन्याकुमारीला जाऊन परत आलो तरी इतके अंतर होत नाही. फादर कोशार वाचले.

तेरा वर्षांपूर्वी एका मित्रासाठी जे विमान नव्हते, ते आता एका संघबंधूसाठी वेळेवर पोचले. वर्तमानपत्रांनी या उड्डाणाचे फार कौतुक केले.

कौतुकाबरोबर एक गोष्ट लपवून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. त्या उड्डाणात वाचलेल्या युरोपियन फादरांचे नाव आपल्याला माहीत आहे. त्याच काळात इगलूत आणि तंबूत आजारी पडलेल्या इनुइट आयाबायांची नावे कोणी अशी लिहून ठेवली नाहीत. पुढे त्याच चेस्टरफील्ड इनलेटमध्ये मिशनची निवासी शाळा चालली आणि तेथे इनुइट मुलांवर अत्याचार झाले. कॅनडातील निवासी शाळांमध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून आणि स्वतःच्या भाषेपासून तोडण्यात आले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवर बसून कॅनडात गेले, अगदी बॅफिन बेटावरील इकालुइटपर्यंत गेले, आणि त्यांनी माफी मागितली. तेथवर तेही विमानानेच पोचले. विमान काय घेऊन जाते हे विमान ठरवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फादर शुल्टे अमेरिकेत होते. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल येथे ऑब्लेट्सची सेमिनरी होती. तेथे 1941 साली त्यांनी हिमाच्या मातेची, म्हणजे अवर लेडी ऑफ द स्नोज हिची, भक्ती सुरू केली. हा मूळचा रोमचा सण, 5 ऑगस्टचा. वर्षानुवर्षे बर्फावरून विमान नेणाऱ्या माणसाने हीच माता का निवडली हे वेगळे सांगायला नको. आज बेलव्हिल येथे तिचे फार मोठे तीर्थक्षेत्र आहे. वैमानिकांची आश्रयदाती मात्र वेगळी, लोरेटोची माता. 1920 साली पोपनी तसे जाहीर केले. आपल्या मुलांपैकी कोणाला वैमानिक व्हायचे असेल तर त्याने तिचा सण लक्षात ठेवावा, 10 डिसेंबर.

मिवाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले. ऑस्ट्रियातील मिवाची एक पद्धत मला फार आवडली. संत ख्रिस्तोफर हे प्रवाशांचे आश्रयदाते. त्यांच्या नावाने तेथील लोक वर्षभरात अपघाताशिवाय जितके किलोमीटर गाडी चालवली त्या हिशेबाने थोडीशी रक्कम दान करतात. एका किलोमीटरला एका सेंटचाही दहावा भाग. त्यातून दूरच्या देशांत रुग्णवाहिका जातात, सायकली जातात, आणि जेथे रस्ताच नाही तेथे खेचरेसुद्धा घेऊन देतात. दसऱ्यानंतर आपली अर्धी वस्ती ऊसतोडीला कोपी बांधायला निघते. ट्रॅक्टरवर संसार बांधून माणसे जातात, आणि काहींचा फोन फडावरूनच येतो. तेव्हा मला त्या खेचरांची आठवण होते.

युद्धानंतर फादर शुल्टे आफ्रिकेत गेले. 1975 साली स्वाकोपमुंड या गावी त्यांना देवाज्ञा झाली. गावाच्या एका बाजूला अटलांटिक महासागर आहे आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट. पन्नास वर्षांपूर्वी ज्या देशात फादर फुर्मान वाहनाची वाट पाहत गेले, तोच हा देश.