विमान नदीत पडलं, पण मोजमाप टिकलं: सॅम्युएल लँग्लींची गोष्ट

८ डिसेंबर १९०३. वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवरून झेपावलेलं एक विमान उडता उडताच मोडलं आणि पाण्यात कोसळलं. वैमानिक वाचला. अवघ्या ९ दिवसांनी राइट बंधूंचं विमान उडालं आणि सॅम्युएल लँग्ली हे नाव कायमचं अपयशाशी जोडलं गेलं.

खगोलशास्त्रज्ञ मात्र लँग्लींना वेगळ्याच कामासाठी ओळखतात. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण नेमके मोजायचे कसे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता.

लँग्लींचा जन्म १८३४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. कॉलेजची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आधी इमारतींचे आराखडे काढण्याचं काम केलं आणि १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी वेधशाळेचे प्रमुख झाले. वेधशाळेकडे पैसा नव्हता. मग ताऱ्यांवरून ठरवलेली अचूक वेळ तारेने रेल्वे कंपनीला विकायची, असा मार्ग त्यांनी काढला.

१८८० च्या सुमारास त्यांनी बोलोमीटर बनवलं. यात प्लॅटिनमच्या अतिशय पातळ, काळ्या केलेल्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर किरण पडू द्यायचे, दुसरी झाकून ठेवायची. तापलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. तापमानातला अंशाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही या यंत्राला कळायचा.

खरी अडचण इथून पुढे होती. काटा हलला हे दिसतं, पण म्हणजे उष्णता नेमकी किती आली? त्यासाठी माहीत असलेल्या मापाशी तुलना करावी लागते. यालाच अंशांकन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. त्यात वाटेतली हवा अवरक्त किरण गिळते, तो हिशेब वेगळाच.

यावर लँग्लींनी साधी युक्ती काढली. सूर्य डोक्यावर असताना किरण कमी हवेतून येतात, कलताना जास्त हवेतून. दोन्ही वेळा प्रत्येक तरंगलांबीसाठी मोजायचं आणि हवा अजिबात नसती तर किती भरलं असतं, याचं गणित मांडायचं. १८८१ मध्ये ते नाजूक उपकरणं घेऊन कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर गेले. पायथ्याशी मोजलं, डोंगरावरच्या छावणीतही मोजलं.

पण उत्तर चुकलं. वातावरणाबाहेर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला ३ कॅलरी उष्णता पडते, असं त्यांनी जाहीर केलं. खरा आकडा २ च्या जरा खाली आहे. म्हणजे जवळपास दीडपट! पुढे त्यांचे सहकारी चार्ल्स ॲबट यांनी चूक शोधली. निरीक्षणं चांगली होती, पद्धतही बरोबर होती. ती पद्धत कमी उत्तर देते असं समजून लँग्लींनी वर एक जादा दुरुस्ती जोडली होती. ती काढली की आकडा २ च्या आसपास येत होता.

१८८७ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले. चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची त्यांची मोजमापं वापरून स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइड आणि पृथ्वीचं तापमान यांचं गणित मांडलं. त्याच वर्षी लँग्लींची वाफेवर चालणारी, माणसाविना उडणारी विमानं किलोमीटरभर उडाली. मग १९०३ चं अपयश आलं आणि १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं.

हवेतली धूळ मोजणारी सूर्यमापकं आजही लँग्ली पद्धतीनेच अंशांकित होतात. हवेचा अडथळा टाळायला बोलोमीटर थेट अवकाशात गेले. २००९ मध्ये सोडलेल्या प्लांक दुर्बिणीतले बोलोमीटर निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.१ केल्विनवर ठेवले होते. पण तिथेही काटा हलला म्हणजे किती, हा प्रश्न सुटत नाही. त्याच रॉकेटमधून गेलेल्या हर्शेल दुर्बिणीच्या बोलोमीटरसाठी शास्त्रज्ञांनी मापाचा दिवा म्हणून नेपच्यून ग्रह वापरला. त्याचं तेज गणिताने ठरवायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. नेपच्यूनचा हिशेब चुकला, तर प्रत्येक आकाशगंगेचा आकडा चुकणार.