पंडिता रमाबाईंची श्रद्धा

मुलांनो, आमच्या गोव्यात एकाच वाड्यावर कुठे तुळशीवृंदावन तर कुठे क्रूस दृष्टीस पडतो. त्यामुळे धर्म निरनिराळे असतात, हे आपणांस लहानपणीच कळते. परंतु एका धर्माच्या पोटातही अनेक पंथ असतात, आणि त्यांतून आपली वाट शोधताना एखाद्या प्रामाणिक मनाची किती कसोटी लागते, हे सहसा लक्षात येत नाही. ते ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळते, त्या पंडिता रमाबाईंची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, हा त्या काळचा दंडक त्यांनी मानला नाही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि रमाबाईंना आईकडून संस्कृतचे धडे मिळाले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. पुढे दुष्काळाने घाला घातला. आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी, जातीची बंधने झुगारून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथे असताना त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. तेथील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना बायबलमधील सृष्ट्युत्पत्तीची कथा समजावून सांगितली. ख्रिस्ती पंथांपैकी हा पहिला पंथ त्यांच्या जीवनात आला. परंतु १८८२ मध्ये पटकीने पती गेले, आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. तेथेच फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांची धर्मचर्चा झाली. गोरे हे जन्माने ब्राह्मण, शास्त्रसंपन्न, आणि आता अँग्लिकन धर्मगुरू. शास्त्राच्या भाषेत बोलणाऱ्या या गृहस्थाचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रम दाखविला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सावरले जाई. आमच्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचे मूळ एखाद्या वादविवादात नसून या दृश्यात आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे कोणास वाटेल की प्रवास संपला. खरे पाहता खडतर वाट येथूनच सुरू झाली. देव एक असून तीन कसा, ख्रिस्ताचा जन्म कुमारिकेच्या पोटी कसा, असे प्रश्न त्यांना पडू लागले. मठाची शिकवण तशीच स्वीकारावी, अशी त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांची इच्छा होती. रमाबाईंनी नम्रपणे पण ठामपणे कळविले की, स्वतः शास्त्र तपासल्यावाचून आपण काहीही मानणार नाही. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. सिस्टरना यात अहंकार दिसला. परक्या देशात, आश्रय देणाऱ्या आणि आईप्रमाणे माया करणाऱ्या व्यक्तीचा रोष पत्करणे किती जड गेले असेल, याची कल्पना करा. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना शंकांप्रमाणेच वागविले आणि त्यांच्याशी मोकळेपणाने चर्चा केली.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. बोस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे होते, तर उपाध्यक्षांत अन्य पंथांचे धर्मोपदेशक होते. दुःखी विधवांसाठी हे सारे एकत्र बसू शकले. त्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्याचा बोभाटा होऊन १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. या प्रकरणात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपण समजून घ्यावे. आपल्या मुलींची काळजी वाटणे पालकांना स्वाभाविक होते, आणि आपली श्रद्धा लपवून ठेवणे रमाबाईंना शक्य नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, अंतःकरणाने नव्हे, असे त्यांना तेव्हा जाणवले. आता त्या अनुभवप्रधान श्रद्धेकडे वळल्या, आणि पूर्वीचे पुष्कळसे संशय मावळले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणून त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन वाढविले. स्वतः भूक सोसलेल्या स्त्रीने भुकेल्यांना जवळ केले. पुढे तेथील वस्ती जवळजवळ २००० पर्यंत गेली. तेथे मेथडिस्ट आले, इतरही आले. परंतु सदन कोणत्याही एका पंथाच्या मालकीचे झाले नाही. फुलहॅमच्या धर्तीवर टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपा सदनही निघाले. पंथाशी मतभेद झाला म्हणून त्या पंथाचा सद्गुण रमाबाईंनी टाकला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ते दुःख गिळून त्यांनी काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ज्या अँग्लिकन चर्चची सारी बंधने त्यांनी मानली नाहीत, त्याच इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिलला त्यांचे स्मरण केले जाते.

मुलांनो, अनेकांकडून घेणे सोपे असते. सोयीचे तेवढे वेचावे आणि जड ते टाकावे, असे पुष्कळ जण करतात. रमाबाईंनी तसे केले नाही. जे पटले त्याची किंमत त्यांनी दिली. जे पटले नाही ते मान्य असल्याचे ढोंग केले नाही. आणि ज्यांच्याशी पटले नाही त्यांचे ऋणही त्या विसरल्या नाहीत. आपला धर्म कोणताही असो, या तीन गोष्टी आपणां सर्वांना शिकण्यासारख्या आहेत.