काचेच्या पेटीतला समुद्र

फिलिप हेन्री गॉस हे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही. घरात हौसेने मत्स्यपेटी ठेवणाऱ्यांनाही ते क्वचितच ठाऊक असते. परंतु ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज सर्वत्र रूढ आहे, तो मुख्यतः या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञामुळे.

गॉस यांचा जन्म १८१० साली वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत; मिळकत बेताचीच. त्यामुळे कॉलेजचे तोंडही न पाहता सतराव्या वर्षी गॉसना न्यूफाउंडलंडमध्ये कारकुनी पत्करावी लागली. पुढे कॅनडात शेती, अलाबामात शिक्षकी, जमैकात पक्ष्यांचा अभ्यास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणूनच पदवीवाचून १८५६ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झालेल्या या माणसाचे मला विशेष अप्रूप वाटते.

१८५२ साली प्रकृतीच्या कारणाने ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. खडकांतल्या डबक्यांतली समुद्रफुले, खेकडे, शिंपले हे कणा नसलेले जीव घरी जगवायचे कसे, याचा त्यांना ध्यास लागला. प्राणी पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि समुद्रशेवाळ उजेडात तो परत देते, हे तत्त्व त्यांनी व त्यांच्या काही समकालीनांनी व्यवहारात आणले. या पेटीचे नियम साधे, पण कडक आहेत. मेलेला जीव ताबडतोब काढावा, नाहीतर सारे पाणी नासते. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून तूट गोड्या पाण्यानेच भरावी. पेणकडच्या मिठागरांत राबलेल्या आगऱ्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही!

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉसनी समुद्रजीव पुरवले. १८५४ साली त्यांनी चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्याच वर्षी त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले व अफाट गाजले.

आणि येथेच त्यांच्या आयुष्याची शोकांतिका आहे. पुस्तक वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. त्यांनी डबकी उपसली, खडक खरवडले. ज्या सौंदर्याचे दर्शन गॉसनी घडवले, तेच त्यांच्या डोळ्यांदेखत उजाड झाले. पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आठवणींत वडिलांचे हे दुःख नोंदवले आहे. गॉस १८८८ साली निवर्तले.

रोह्याला कुंडलिकेच्या आणि पेणला खाडीच्या काठी राहणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी हे चरित्र जरूर वाचावे. पेटीतले पाणी बिघडले तर बदलता येते. खाडीचे पाणी कोण बदलणार?