डिझेल नावाचा माणूस

पदार्थविज्ञानाच्या वर्गात दरवर्षी एका तासाला मी फळ्यावर डिझेल-चक्र काढतो. दोन वक्र रेषा, एक आडवी, एक उभी. मुले ती आकृती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तशीच काढतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. डिझेल हे कुणा माणसाचे आडनाव आहे, हे त्यांतल्या निम्म्यांच्या गावी नसते. तेलाचे नाव डिझेल, म्हणून त्यावर चालणाऱ्या इंजिनाचे नाव डिझेल, असा त्यांचा सरळ समज. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे हे चक्र शिकवले, आणि ज्याच्या नावाचे ते आहे त्या माणसाविषयी माझे मत मुळीच चांगले नव्हते. ते मत बदलले ते ग्रंथालयात नव्हे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

या शेडमध्ये वडिलांच्या वेळची डिझेल अॅम्बॅसेडर उभी असते. इंजिन १४८९ सी. सी. चे, मूळचे विलायती घडणीचे. तिची देखभाल मी घरीच करतो. एक तर हौस, आणि दुसरे म्हणजे प्राध्यापकाचा खिसा. एका पावसाळ्यात माझ्याच हलगर्जीपणामुळे टाकी कोरडी पडली. नवे डिझेल ओतले तरी गाडी काही केल्या चालू होईना. गल्लीतल्या मिस्त्रींनी येऊन नुसता कान लावला आणि लाइनमध्ये एअर शिरल्याचे निदान केले. मग त्यांनी मला ती काढायला शिकवले. फीड पंपाची कळ हाताने मारत राहायची, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, आधी फेसाळ डिझेल येते ते येऊ द्यायचे आणि बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. मग पंपावर तेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा आणि तेल ओघळू लागले की एकेक नट घट्ट करायचा. नोझल बाहेर काढून तपासत असाल तर त्याच्या फवाऱ्यासमोर हात म्हणून धरायचा नाही. तो कातडी भेदून आत जातो.

त्या दिवशी हात धुताना मला एक साधी गोष्ट प्रथमच नीट उमगली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल लोखंडासारखी व्हावी, आणि नेमक्या क्षणी तीत तेल फवारायचे. माझ्या गाडीत ते तेल एका वेळी थेंबाहूनही कमी असते आणि ते शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने जावे लागते. नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. नोझल उघडतच नाही. एवढ्याशा बुडबुड्याने माझा रविवार खाल्ला. मग १८९३ साली, असा पंप जगात कुठेच नसताना, त्या माणसाने हे केले तरी कसे? या प्रश्नापोटी मी त्याचे चरित्र वाचायला घेतले.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन, वडील थिओडोर हे ऑग्सबर्गच्या बुकबाइंडरांच्या घराण्यातले, पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवीत. मुलगा तयार माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवी, आणि सवड मिळाली की जवळच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन क्युन्योची जुनी वाफेची गाडी पाहत बसे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मनांना गाव सोडावे लागले, आणि हे कुटुंब लंडनला गेले. तेथे पोट भरण्याची पंचाईत. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबर्गला काकांकडे पाठवून देण्यात आले. हे काका तेथल्या व्यवसाय-शाळेत गणित शिकवीत. जन्मभाषा जर्मन, बोलायची सवय फ्रेंच, आणि दोन्हीकडे परका. सीमेवरच्या गावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे फार समजावून सांगायला नको.

शाळेत तो पहिला येत गेला आणि शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तेथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. कृत्रिम बर्फाच्या यंत्रांचे हेच ते जनक. लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले की उत्तम वाफेचे इंजिनही कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, बाकी सारी धुराड्यातून आणि पाण्यातून वाया जाते. ही उधळपट्टी त्याच्या मनाला लागली ती कायमची. १८७९ साली विषमज्वराने त्याची शेवटची परीक्षा हुकली. पुढच्या जानेवारीत दिली तेव्हा तो अव्वल ठरला. मग पॅरिसमध्ये लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात नोकरी, १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी विवाह, तीन मुले, १८९० साली बर्लिन. दिवसा बर्फ, रात्री उष्णता.

१८९२ च्या फेब्रुवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी आपल्या उष्णतायंत्राचा सिद्धान्त मांडणारे पुस्तक काढले. माझा राग होता तो याच पुस्तकावर. कार्नोच्या आदर्श चक्राच्या जवळ जाणारे इंजिन आपण बांधू, असा त्यात दावा होता. हवा अडीचशे वातावरणांपर्यंत दाबायची, आणि तेल असे हळूहळू जाळायचे की तापमान वाढूच नये. हे जमणारे नव्हते. एवढा दाब देण्यातच इंजिनाची सगळी कमाई खर्ची पडली असती. लवकरच त्यालाही ते कळून चुकले. त्याने दाब कित्येक पटींनी उतरवला, ज्वलनाची रीत बदलली आणि दुसरे पेटंट घेऊन ठेवले. चूक झाली, असे उघडपणे मात्र तो कधी म्हणाला नाही. हे मला अप्रामाणिकपणाचे वाटे.

पण पुस्तकाच्या पुढे काय घडले ते पाहा. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुझ यांनी त्याला एक कोपरा आणि काही कारागीर दिले, आणि क्रुप कंपनीने खर्चाचा वाटा उचलला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात तेल सोडले, तेव्हा असा भडका उडाला की दाब मोजायचे उपकरणच फुटले. माणसे थोडक्यात वाचली. डिझेलला मात्र त्यातही आनंद होता, कारण नुसत्या दाबलेल्या हवेत तेल पेटते हे सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र स्वतःच्या बळावर एक मिनिटभर फिरले. एक मिनिट! त्यानंतर आणखी तीन वर्षे दट्ट्याच्या कड्या, गळणारे सांधे आणि तुंबणारे नोझल यांच्याशी झटापट चालली होती. तेल आत कसे ढकलायचे हा सर्वांत अवघड प्रश्न. एवढा बारीक, एवढा घट्ट पंप बनवण्याची कारागिरी त्या काळी नव्हती. मग त्याने वेगळा कॉम्प्रेसर लावून, दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर तेल आत फुंकण्याची तोड काढली. माझ्या गाडीत जी हवा शत्रू, तीच त्याने हमाल म्हणून वापरली.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्रा. मोरित्झ श्रोटर यांनी त्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. साडेचार टनांचे धूड, एकच सिलिंडर, सुमारे अठरा अश्वशक्ती. आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या यंत्राच्या दुपटीहून अधिक. हे इंजिन आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

पैशांचा पाऊस सुरू झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बिअरवाले अॅडॉल्फस बुश यांनी एकट्या अमेरिकेच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. गिऱ्हाइकाकडे बसलेले पहिले इंजिन १८९८ साली केम्प्टेन गावी गेले, तेही आगपेटीच्या कारखान्यात. ज्या इंजिनाला काडी लागत नाही ते पहिल्यांदा काड्याच बनवू लागले! पण प्रयोगशाळेतले यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या हाती दिलेले यंत्र यांत फरक असतो. केम्प्टेनचे इंजिन वारंवार बंद पडे, ऑग्सबर्गहून माणसे धावत जात, आणि इतर ठिकाणांहूनही तक्रारी येऊ लागल्या. त्यातच एमिल कापितेन नावाच्या संशोधकाने पेटंटविरुद्ध दावा लावला. डिझेल जिंकला, पण त्या वर्षाअखेर त्याची प्रकृती इतकी ढासळली की त्याला मानसिक विश्रांतीसाठी रुग्णालयात राहावे लागले.

श्रेयाचा वाद पुढे कधीच मिटला नाही. इंग्लंडमध्ये अॅक्रॉइड स्टुअर्टने १८९० सालीच जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. पण त्याचे इंजिन चालू करताना सिलिंडरला जोडलेला लोखंडी कप्पा बाहेरून दिव्याने तापवावा लागे. जर्मनीत तर योहान्नेस ल्यूडर्स या प्राध्यापकाने १९१३ साली, डिझेल हे निव्वळ एक मिथक आहे, अशा अर्थाचे अख्खे पुस्तकच प्रसिद्ध केले. कागदावर पाहिले तर ल्यूडर्सच्या आक्षेपांत तथ्य आहे. पेटंटात लिहिलेले इंजिन कधी बनलेच नाही. मीही वर्गात हेच सांगत असे. आता सांगत नाही. सिद्धान्त फसल्यावर चार वर्षे हात काळे करून, एकेक दोष शोधून, जे यंत्र अखेर चालले ते त्याचेच. शेडमध्ये बसल्याशिवाय मला याची किंमत कळली नसती. चूक कबूल करायला हवी होती, हे मात्र मी अजूनही म्हणतो.

हे इंजिन त्याला हवे होते ते कुणासाठी? वाफेचे यंत्र लहान केले की फार महाग पडते, म्हणून ते मोठ्या गिरणीवाल्यालाच परवडते आणि छोटा कारागीर मरतो, हे त्याने आपल्या बापाच्या धंद्यात पाहिले होते. आपले इंजिन विणकर, सुतार, घड्याळजी यांच्या दुकानात जावे, असे त्याचे स्वप्न होते. १९०३ साली त्याने कामगारांनी आपल्या बचतीतून कारखान्यांचे मालक व्हावे असे सांगणारा ग्रंथ लिहिला. दहा हजार प्रती छापल्या, तीनशेच्या आसपास खपल्या. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. शेतकऱ्याने आपल्याच शेतातल्या तेलावर यंत्र चालवावे, ही कल्पना त्याला पुढेही भुरळ घालीत राहिली.

प्रत्यक्षात इंजिन गेले वीजघरांत, पाणबुड्यांत आणि जहाजांत. १९१२ साली डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज डिझेलवर थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. मोटारीत मात्र ते बसेना, कारण कॉम्प्रेसरचे ओझे. त्यासाठी बॉशचा पंप यावा लागला, १९२७ साली. आणि मर्सिडीजची डिझेल मोटार १९३६ साली. छोट्या माणसाच्या दारी ते आले ते त्याच्यामागून. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि आपल्या भागातल्या विहिरींवर पुक्‌पुक्‌ सुरू झाली. आमच्या खेड्यात इंजिन म्हटले की आगगाडीचे नव्हे, विहिरीवरचेच.

डिझेलने स्वतः यातले काही पाहिले नाही. मिळालेला पैसा त्याने म्युनिकमधल्या जमिनींत, गॅलिशियातल्या तेलविहिरींत आणि एका भव्य बंगल्यात घातला, आणि जवळजवळ सगळा बुडाला. बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता. मानसन्मान, भाषणे, प्रवास चालूच होते. उष्णतेचा एक टक्का वाया गेला तरी हळहळणाऱ्या या माणसाला रुपये-आण्यांचा हिशेब कसा जमला नाही, याचे मला नवल वाटते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून इंग्लंडला निघाला. लंडनला त्याच्या नावाच्या कंपनीची सभा होती. ड्रेस्डेन नावाची ती बोट वाफेवर चालणारी होती. सोबत गेंटचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि एक इंजिनियर. तिघे जेवले, डेकवर गप्पा मारीत फिरले, आणि दहाच्या सुमारास डिझेल सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. रात्रीचे कपडे पलंगावर नीट ठेवलेले, घड्याळ पडल्या पडल्या दिसेल असे टांगलेले, बिछाना मात्र न मोडलेला. मागच्या डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि व्यवस्थित घडी घातलेला कोट सापडला. रोजनिशीत त्या तारखेला एक लहानसा क्रूस काढलेला होता. निघण्यापूर्वी त्याने पत्नीजवळ एक पिशवी देऊन ती आठवड्याने उघडायला सांगितले होते. तिने उघडली तेव्हा आत वीस हजार मार्क रोख निघाले, आणि खाती रिकामी झाल्याचे दाखवणारे कागद.

तेलवाल्यांनी मारले, जर्मन हेरांनी मारले, अशा कथा वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवल्या. पुरावा कशाचाच नाही. मला त्या पिशवीतले कागद पुरेसे वाटतात.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीतल्या माणसांना समुद्रात एक देह दिसला. हवामान खराब, देहाची अवस्था वाईट. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. धाकटा मुलगा ऑयगेन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. १३ ऑक्टोबरला डच किनाऱ्यावरच्या फ्लिसिंगन गावी त्याने त्या वस्तू पाहिल्या: गोळ्यांची डबी, पैशांचे पाकीट, खिशातला चाकू, चष्म्याचे घर. वडिलांच्याच आहेत, असे त्याने सांगितले. याच ऑयगेनने पुढे १९३७ साली वडिलांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.